मागची बाजू

माझा भाचा दहा वर्षांचा आहे. त्याच्या हातात टॉर्च आला की घरातल्या कुठल्याच वस्तूला खासगी आयुष्य उरत नाही. गेल्या महिन्यात तो माझ्या टेबलाशी उभा राहून घडीच्या चाकूंचा खण बघत होता. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, असा आमचा करार आहे आणि तो त्याने पाळलाही. पण एक चाकू मीच तेल घालण्यासाठी उघडून ठेवला होता. टॉर्च टेबलावर आडवा पडलेला, उजेड पात्याला जेमतेम चाटून पुढे जात होता. तो वाकला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "मामा, यावर जमीन लिहिलीय." मी म्हटलं, "काय लिहिलंय?" "एल, ए, एन, डी. लँड म्हणजे जमीनच ना? चाकूवर जमीन कशाला लिहितात?" एरवी मी मोठ्याने हसलो असतो, आठवडाभर ते सगळ्यांना सांगत फिरलो असतो. त्या दिवशी मात्र मी चाकू उचलला, मिटला आणि तेलाची बाटली शोधायला लागलो. ती समोरच होती.

त्या चाकूच्या चिठ्ठीवर माझ्या अक्षरात लिहिलं होतं : 'शेफील्ड. 1890 पूर्वी.' चार वर्षं ती चिठ्ठी तिथे होती. एका परिचिताने घर आवरताना मला एक पत्र्याचा डबा दिला होता. त्यात सुटी बटणं, कुलपं हरवलेल्या किल्ल्या, वाकडे खिळे, आणि तळाशी हा. मिटलेला साडेतीन इंचांचा. मुठीवर काळं शिंग, एका कडेला पापुद्रा उडालेला. दोन्ही टोकांना जर्मन सिल्व्हरच्या, म्हणजे चांदीसारख्या दिसणाऱ्या मिश्रधातूच्या टोप्या, आतून पितळी पत्रे, एक मोठं पातं आणि एक लहान. मोठ्या पात्याच्या बुडाशी, म्हणजे धार संपते आणि पातं मुठीत शिरतं त्या चौकोनी जागेवर, ठशाची अक्षरं होती. कारखानदाराचं नाव गंजाने खाल्लेलं, '...अँड सन्स' तेवढं शिल्लक आणि खाली स्पष्ट 'शेफील्ड', इंग्लंडमधलं चाकूंचं गाव. बस. देशाचं नाव नाही. या नादात थोडा काळ घालवलेल्या माणसाला ती गैरहजेरीच बोलते. परदेशातून येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव हवं, असं अमेरिकेने 1890 च्या मॅकिन्ली जकात कायद्यात घातलं. 1891 पासून ते लागू झालं आणि शेफील्डच्या चाकूंवर 'इंग्लंड', झोलिंगेनच्या चाकूंवर 'जर्मनी' दिसायला लागलं. म्हणून नुसतं 'शेफील्ड' दिसलं की संग्राहकाच्या छातीत काहीतरी हलतं. खरं तर हा नियम लंगडा आहे. जो माल अमेरिकेला जाणारच नव्हता त्याच्यावर देशाचं नाव घालायची सक्ती नव्हती, त्यामुळे 1905 चा एखादा चाकूही नुसतं 'शेफील्ड' मिरवू शकतो. हे मला चिठ्ठी लिहितानाही माहीत होतं. तरी मी 'पूर्वी' लिहिलं, शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा न घालता.

आणि अक्षरं मला दिसली होती.

ही गोष्ट कबूल करायला मला तीन आठवडे लागले. डबा आला त्या रात्री मी चाकू तेलात भिजवला होता. दुसऱ्या दिवशी लाकडी दातकोरणीने बुडावरचा काळा थर उकरायला बसलो. पुढच्या बाजूला 'शेफील्ड' निघालं तेव्हा मी उठून पाणी प्यायलो. मग पातं उलटं केलं. मागच्या बाजूला थर जाड होता, डांबरासारखा. एका कोपऱ्यातून एक उभी रेघ दिसली, तिला लागून एक गोलाई. ते 'डी' असू शकतं हे तेव्हाच मनात येऊन गेलं. मी दातकोरणी खाली ठेवली. मनाशी म्हणालो, जास्त घासू नये. जुन्या वस्तूवरचा थर हा तिचा इतिहास असतो, तो आपण कोण काढणार? हे बोलणं इतकं बरोबर होतं, की त्यामागे मी लपलोय हे माझ्याही लक्षात आलं नाही.

जास्त घासू नये, हा नियम मी आजोबांकडून शिकलो, पण त्यांनी तो शिकवला नव्हता. त्यांच्याकडे एकपाती चाकू होता, हाडाच्या मुठीचा. मुठीवर कोरलेले खळगे अंगठ्याखाली झिजून सपाट झाले होते. सुतळी कापणं, पेन्सिलीला टोक करणं, पाकिटं उघडणं, सगळं त्याच्यावरच. पातं मिटताना 'टक्' असा आवाज यायचा आणि तो आला की काम संपलं असं आम्हा मुलांना कळायचं. इंग्रजी संग्राहक म्हणतात, चांगल्या चाकूला चाल असते आणि बोल असतो. चाल म्हणजे पातं स्प्रिंगवरून सरकतं तो गुळगुळीतपणा, बोल म्हणजे शेवटची ती टक्. आजोबांना हे शब्द माहीत नव्हते, चाकूला मात्र दोन्ही होतं. मी एकोणीस वर्षांचा असताना त्यांना खूश करायचं म्हणून एका दुपारी तो चाकू घेतला आणि आधी खरखरीत, मग बारीक पॉलिश पेपरने घासून आरशासारखा केला. संध्याकाळी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला, उजेडाकडे धरला आणि मग अंगठा पात्याच्या बुडावर ठेवून हळूहळू मागेपुढे फिरवला. एकदा, दोनदा. "छान झालाय," म्हणाले आणि मिटून खिशात टाकला. ते अंगठ्याने काय शोधत होते हे मला कळलं तेव्हा त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिथे नाव होतं. कुणाचं, कुठलं, मला कधीच कळणार नाही. तो चाकू आज माझ्याकडे आहे, पण संग्रहात नाही. स्क्रू आणि वायसरांच्या खणात असतो, तिथे चिठ्ठ्या लावायची पद्धत नाही.

चाकूचं वय काढणं हे माणसाचं वय काढण्यासारखं नसतं. जन्मतारीख जवळजवळ कधीच मिळत नाही. मिळतं ते एवढंच, की हा अमुक सालाच्या आधीचा नाही. पात्यावर 'स्टेनलेस' असेल तर 1913 च्या आधी जाता येत नाही, कारण हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्ये ते न गंजणारं पोलाद ओतलं ते त्या वर्षी. खिशातल्या चाकूंत ते रुळायला त्यापुढेही बरीच वर्षं गेली. 'वेस्ट जर्मनी' असेल तर 1949 ते 1990, इथे निदान दोन्ही बाजूंना भिंती आहेत. मूठ हाडासारखी दिसते पण भिंगाखाली हाडातले बारीक काळे ठिपके, रक्तवाहिन्यांच्या त्या खुणा दिसत नाहीत, सगळं एकसारखं गुळगुळीत आहे? मग ते डेलरिन नावाचं प्लास्टिक असेल, आणि डेलरिन बाजारात आलं 1960 मध्ये. ठिपके दिसले म्हणून हुरळायचंही नाही. नव्या हाडाला पोटॅशियम परमँगनेटने जुना तपकिरी रंग देता येतो आणि देतात. जुन्या चाकूची मूठ फुटली म्हणून कुणीतरी तीस वर्षांनी नवी बसवलेली असू शकते. दोन मोडक्या चाकूंचा मिळून एक धड चाकू झालेला असू शकतो. मग त्याची जन्मतारीख कोणती धरायची?

सगळ्यात मजेशीर फसलो ते ओपिनेलच्या बाबतीत. फ्रान्समधल्या साव्वा प्रांतातला हा साधा लाकडी मुठीचा चाकू. त्याच्या गळ्याशी फिरणारं लोखंडी कडं असतं, ते वळवलं की पातं जागच्या जागी घट्ट राहतं. हे कडं 1955 मध्ये आलं. म्हणजे कडं नसलेला ओपिनेल त्याच्या आधीचा, हे सूत्र मी कुठेतरी वाचलं आणि एक कडं नसलेला इवलासा ओपिनेल मोठ्या आनंदाने '1955 पूर्वी' म्हणून खणात ठेवला. पुढे समजलं, की लहान क्रमांकांच्या चाकूंना कडं कधी बसवलंच नाही, ते आजही तसेच निघतात. माझा 1955 पूर्वीचा चाकू कदाचित माझ्याहून तरुण होता. यावर मी खूप हसलो होतो, चार लोकांना सांगितलंही होतं. ती चूक सांगायला सोपी होती, कारण ती अज्ञानाची होती.

सेल्युलॉइडची हकिगत वेगळी आहे. कासवाच्या पाठीसारखी पिवळी-तपकिरी झाक असलेला एक चाकू माझ्याकडे आला. मूठ अंगठ्याने जोरात चोळली, नाकाशी नेली तर कापराचा वास. कासव नव्हे, सेल्युलॉइड, जुन्या काळचं प्लास्टिक. या पदार्थात कापूर असतोच. वासावरून ओळखता आलं याचाच मला इतका अभिमान वाटला, की पुढचं काही न बघता मी तो इतर सहा चाकूंबरोबर बंद पेटीत ठेवला. जुनं सेल्युलॉइड सडायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते. पावसाळा गेल्यावर पेटी उघडली तेव्हा आतून एक उग्र, घशाला टोचणारा भपकारा आला. पितळेवर हिरवी बुरशी चढलेली आणि शेजारच्या दोन चाकूंची पाती लाल झालेली. गंज थेट त्या मुठीजवळून सुरू होऊन लांब जाताना विरळ होत गेला होता, जणू कुणीतरी तिथे बसून श्वास सोडत होतं. तेव्हापासून सेल्युलॉइडवाले चाकू मी वेगळे ठेवतो, उघड्या हवेत. ते अधूनमधून हुंगायचीही सवय लागली आहे. घरच्यांनी आता त्यावर बोलणं सोडून दिलंय.

असेही चाकू असतात जे स्वतःचं वर्ष सांगून मोकळे होतात. शेफील्डचा चांदीच्या पात्याचा फळं कापायचा चाकू घ्या. पात्यावर ओळीने बारीक ठसे : चालता सिंह, शेफील्डचा मुकुट, वर्षाचं अक्षर आणि 1890 पर्यंतच्या मालावर बऱ्याचदा राजाराणीच्या डोक्याचाही ठसा, कर भरल्याची पावती म्हणून. अक्षराचा तक्ता काढा, वर्ष वाचा, संपलं. अमेरिकेतल्या 'केस' नावाच्या चाकू कंपनीने 1970 मध्ये ठशाखाली दहा टिंबं घातली आणि दर वर्षी एक कमी करत गेली, म्हणजे चार टिंबं असली की 1976. स्विस सैनिकांच्या चाकूवर तर बुडाशी सालाचे दोन आकडे सरळ ठोकलेलेच असतात. हे सगळे चाकू माझ्याकडे एकेक आहेत आणि खरं सांगू? मी ते फारसे काढून बघत नाही. विचारायच्या आधीच उत्तर देणाऱ्या माणसाशी गप्पा रंगत नाहीत. याउलट शेफील्डच्याच जोसेफ रॉजर्स कारखान्याचा चाकू. तारा आणि माल्टी क्रूस ही त्यांची खूण, 1764 पासूनची. शेजारी मुकुट आणि दोन्हीकडे 'व्ही' आणि 'आर', म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला. राणीची अमदानी 1837 ते 1901. चौसष्ट वर्षं! एवढ्या काळात माणूस जन्मतो, आजोबा होतो आणि जातोही. मग बाकीचं मूठ, टोप्या, खिळे, नखाच्या खाचेचा आकार यांच्याकडून एकेक दशक सोडवून घ्यायचं. टोपी आणि आतला पत्रा एकाच लोखंडाच्या तुकड्यातून घडवलेला असेल तर शतकाच्या मध्याच्या अलीकडे येताना पाय अडखळतो. जर्मन सिल्व्हर असेल तर पुढे सरका. यात दुपार कशी जाते कळत नाही. या दुपारींसाठीच मी हा उद्योग करतो, चाकू हे निमित्त आहे.

आणि नाव तरी कुणाचं? शेफील्डमध्ये कारागिरांची खूण नोंदवून घ्यायला 1624 पासून कटलर्स कंपनी होती, त्यामुळे ठशाला तिथे फार मान. पण ठसा कारखानदाराचा. पातं घडवणारा लोहार एक, ते ओल्या दगडावर घासणारा दुसरा, मूठ बसवून चाकू जुळवणारा तिसरा. कित्येक जण तर कुणाचे नोकरही नव्हते. 'लिटल मेस्टर', म्हणजे छोटे उस्ताद, म्हणायचे त्यांना. चाकाशेजारची जागा भाड्याने घ्यायची, कामं उचलायची, माल पोचवायचा. घासणाऱ्यांच्या छातीत दगडाची आणि पोलादाची धूळ बसायची आणि ते तरुणपणीच खोकून मरायचे, त्या आजाराला तिथे ग्राइंडर्स अस्थमा असं नावच होतं. माझ्या चाकूच्या बुडावर 'अँड सन्स' आहे. ज्याने ते पातं घासलं, त्याचे मुलगे त्यात नसावेत. भिंगाखाली पात्यावर आडव्या बारीक रेघा दिसतात, कुठे दाट कुठे विरळ. दगडावर पातं टेकवताना हाताचा दाब बदललेला असतो. ठशातलं नाव वाचता येत नाही आणि या रेघा अगदी ताज्या दिसतात.

झीज तर आणखी बोलकी. मोठं पातं मूळ रुंदीच्या दोन तृतीयांश उरलंय, मध्येच खोल गेलंय, टोक मात्र शाबूत. म्हणजे मालक टोकाने कोरीवकाम करणारा नव्हता, मधल्या पोटाने कापणारा होता. दोरी असेल, कातडं असेल. धार लावल्याच्या खुणा एकाच बाजूला जास्त आहेत, दुसरी बाजू त्याला अवघड जात असावी किंवा कंटाळा. लहान पातं जवळजवळ नवं आहे. कदाचित ते कुठल्यातरी खास कामासाठी राखून ठेवलं होतं आणि ते काम आलंच नाही. विकणारे अशा चाकूला 'थकलेला' म्हणतात आणि त्याची किंमत पाडतात. न वापरलेला, डब्यातून जसाच्या तसा निघालेला चाकू सगळ्यांना हवा असतो. माझ्याकडे तसा एकही नाही. हे मी अनेकदा तत्त्व म्हणून सांगतो, पण त्यात परवडण्याचाही भाग आहे.

तर ते 'लँड'. भाचा गेल्यावर मी दिवा टेबलाच्या कडेवर ठेवला, उजेड आडवा पाडला. ठसा वाचायचा तो असाच, वरून प्रकाश टाकला की अक्षरं सपाट होऊन बुजतात. हे मी इतरांना शिकवतो. या चाकूची मागची बाजू मात्र चार वर्षांत मी एकदाही आडव्या उजेडात धरली नव्हती. आता धरली. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल हलकी फिरवली. आधी 'डी', मग 'एन', मग अलीकडे 'जी' ची शेपटी. 'ई' गंजात गेलंय, पण त्याची जागा रिकामी आहे, अंतर बरोबर आहे. इंग्लंड. म्हणजे बहुधा 1891 नंतरचा. 'मेड इन' नाही, म्हणजे फार अलीकडचाही नसावा, पण इथेही मी आता पैज लावणार नाही. वाईट वाटलं का? वाटलं. चाकू तोच होता, शिंगाचा पापुद्रा तिथेच उडालेला, टक् तीच. तरी काहीतरी हातातून गेल्यासारखं झालं, दहाबारा वर्षं, जी मुळात चाकूची नव्हतीच, मी दिलेली होती. आणि त्याच वेळी हलकंही वाटलं. पाहुण्यांना चाकू दाखवताना मी तो नेहमी त्याच बाजूने धरायचो. मनगट आपोआप तसं वळायचं.

पुढच्या रविवारी भाचा आला आणि दारातूनच विचारलं, "जमीन कशाला लिहितात ते कळलं का?" मी त्याला कागदावरचा पेन्सिलीचा छाप दाखवला. त्याने बोट ठेवून अक्षरं जुळवली, गंजातलं 'ई' स्वतःहून भरलं. मग खणातली चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "पण इथे तर वेगळंच लिहिलंय." मी म्हटलं, "ते चुकलंय." "मग खोड ना." चिठ्ठी शाईची होती, खोडता येईना. नवी करायला बसलो. 'शेफील्ड, इंग्लंड,' इथपर्यंत सहज झालं. पुढे '1891 नंतर' लिहिलं, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. त्याने विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, "मला नक्की माहीत नाही म्हणून." हे उत्तर त्याला पुरलं. त्याने टॉर्च उचलला आणि खणातल्या पुढच्या चाकूकडे वळवला.

तिथे तारा आणि क्रूसवाला रॉजर्स होता. चिठ्ठीवर 'साधारण 1850', माझ्याच अक्षरात, ठसठशीत. टोप्या जर्मन सिल्व्हरच्या.

"हा उघडू?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "थांब, आधी मागची बाजू बघू."